अर्थाला पाणी

एवारिस्तबाबनं आराखडा आधीच काढून ठेवलेला,
पेन्सिलनं, पट्टी लावून:
मेन बोर्डापासून मागच्या खोलीपर्यंत अठरा मीटर,
दहा स्क्वेअरची केबल, चार वाटांचा डबा,
दोन एसी तिच्यासाठी,
एक गीझर, त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी.
तीस वर्षं जहाजांच्या पोटात दिवे जळते ठेवलेला माणूस.
म्हणाला, ‘तू फक्त हात दे. माझे आता थरथरतात.’

मी शिरोड्याहून आलेला, स्कूटरला ड्रिल बांधून.
मे महिना. भिंतीत खाच मारताना
चिऱ्याची लाल पूड घामावर बसते, पापण्यांवर बसते.
जुना चिनीमातीचा फ्यूज उघडला तर आत
फ्यूजच्या तारेऐवजी कुणीतरी पिळून बसवलेले
तांब्याचे जाड चार पदर.
‘तो मीच,’ एवारिस्तबाब म्हणाला. ‘त्या रात्री नाताळ होता.’

मागच्या खोलीत लिदुविना, मानेवर ओला टॉवेल.
उकाडा वाढला की हिची बोटं ऐकत नाहीत,
एकाचे दोन दिसतात.
‘बांबोळीचा डॉक्टर म्हणतो,
नसांवरचं इन्शुलेशन उतरत चाललंय.’
एका वायरमननं दुसऱ्याला सांगावं
तसं त्यानं ते मला सांगितलं
आणि माझ्या टेस्टरकडे बघत राहिला.

मी काय बोलणार. मेगर लावला.
पंख्याच्या जुन्या लाइनला अर्धा मेगओमसुद्धा नाही.
ही बदलता येते.
नव्वद मीटरचं बंडल मडगावात मिळतं, लाल, काळं, हिरवं.
हे मी तोंडातून काढलं नाही,
पण त्यानं ऐकलं असावं;
बंडलाचा कागद तो फार सावकाश सोलत बसला.

डबा बसवला.
न्यूट्रल एका पट्टीवर, अर्थ दुसरीवर.
हरेशला, माझ्या पोऱ्याला, सांगत होतो:
‘या दोघांची इथं गाठ घालायची नाही.
ती तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी पडलेली बरी.
मधेच भेटली तर परतीची वीज
पत्र्यावरून, नळावरून हिंडत सुटेल.’
खाटेवरून लिदुविना हसली:
‘म्हणजे आमच्यासारखंच.
हा बोटीवर, मी घरात,
भेट धक्क्यावर, नऊ महिन्यांनी.’

मग तो जहाजाचं बोलू लागला.
समुद्रात अर्थ कुठला, लोखंडाची कायाच अर्थ.
एक तार कुठे गळाली तर काही बंद पडत नाही,
बोर्डावरच्या तीन दिव्यांतला एक मंद होतो.
दुसरी गळायच्या आत पहिली शोधायची.
‘रात्र रात्र बसलोय त्या मंद दिव्यापुढे.
घरी तसला दिवा लावायचा राहूनच गेला.’

खड्डा माडाच्या आळ्याशेजारी.
चिऱ्याची जमीन, पहार उडून परत अंगावर येते.
सहा फुटांवर ओल लागली.
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
मीठ मीठागरातलं, करडं, जाड;
शेजारच्या क्लॉदिनानं पिशवी भरून दिलं,
‘एवढ्यात दोन मडकी सुंगटं खारवली असती’ म्हणत.

संध्याकाळी टेस्टचं बटण दाबलं. खटकन पडला. उचलला.
व्होल्टेज एकशे ब्याण्णव, म्हणजे आगशी जागी आहे.
एसीनं थोडी धाप टाकली, मग पाती वर उचलली.
दहा मिनिटांनी लिदुविनानं टॉवेल
खुर्चीच्या पाठीवर टाकला
आणि बोटं एकेक करून मिटून पाहिली.
हरेश मार्करनं नावं लिहीत होता: खोली, हॉल, गीझर.
चौथ्यावर काय लिहू, विचारलं त्यानं.
स्पेअर, म्हटलं.

निघताना सांगितलं,
पावसाला अजून तीन आठवडे आहेत,
तोवर खड्ड्यात बादलीभर पाणी घालत चला,
जमीन सुकली की ती वीज घेत नाही.
त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.
गोळ्या, फिजिओथेरपी, सासूबाईंच्या नावाची मीस;
त्यांच्यामधून जागा काढत
दर गुरुवारी, वाकड्या अक्षरात:
अर्थाक उदक.

आतून लिदुविना ओरडली,
‘गुरुवारी नळाला पाणी येत नाही.
शुक्रवारी लिही.’
आणि त्यानं खोडरबर शोधायला घेतलं.